मागचं डावं चाक आधी

आसूदच्या उतारावर, तिसऱ्या वळणाला
पुढे म्हैस होती
आणि पेडल गेलं खाली,
बरक्या फणसात बोट जावं तसं.
दोनदा, तीनदा मारलं तेव्हा कुठे आत काही सापडलं.
बंपर म्हशीच्या मांडीला जेमतेम टेकला.
ती हलली नाही. कुंदाही काही बोलली नाही,
फक्त पिशवीतला नारळ सरळ केला.

उस्मान बुरोंडकर भाच्याच्या लग्नाला महाडला.
फोनमध्ये मागे ताशा, तो ओरडून विचारतो:
"पंप केल्यावर वर येतो ना? मग हवा हाय, काका.
दाबून धरल्यावर हळूहळू बसत असेल तर मास्टर सिलिंडर,
मग मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका."
दाबून धरलं. शंभर मोजले. बसलं नाही.
म्हणजे हवा.
आमच्या हर्णैत हवा कशात शिरत नाही?
मीठ ओलं, काडेपेटी ओली, पासबुकाची पानं चिकटलेली,
आणि अठ्ठ्याण्णव सालची मारुती,
तिचं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं.

"मागचं डावं चाक आधी. सगळ्यात लांबचं.
आणि पेडलवर कोणीतरी बसवा. एकट्याचं काम न्हाय ते."

कुंदा बसली. चपला बाहेर काढून,
स्टिअरिंगला हात लावावा की नाही
ते न कळून हात मांडीवर.

मी खाली, गोणपाटावर पाठ.
निपल गंजून चाकाचाच झालेला.
स्प्रे मारला, थांबलो, हातोडीने हलकेच ठोकलं,
पुन्हा थांबलो. अर्ध्या तासाने त्याने
एकदा करकर केली आणि मान वळवली.
सलाइनची नळी, तिचं टोक कोकमाच्या बाटलीत.

दाब. दाब. दाब. धर.
पाव आटा ढिला केला: बुडबुडे,
कुर्लीच्या तोंडाला येतात तसे.
आवळलं. सोड.
दाब. दाब. दाब. धर.

नेमकी तेव्हाच द्वारकी बेड्यापाशी, डोक्यावर पाटी:
"सरंगा हाय गो, ताजा!"
कुंदाचा पाय उठला.
नळीतलं ऑइल हवेसकट सर्रकन उलटं आत.
मी काय ओरडलो ते इथे लिहीत नाही.
ती खिडकीतून वाकून म्हणाली,
"धर म्हणालात की धरते, सोड म्हणालात की सोडते.
एवढ्या वर्षांत एकदा दुसऱ्या कुणाच्या हाकेवर सोडलं."
मग उतरून सरंगे घेतले. दोन. घासाघीस न करता.

पुन्हा पहिल्यापासून. मागचं डावं. मागचं उजवं.
पुढचं डावं, तिथला निपल बिचारा लगेच सुटला.
शेवटच्या चाकाला पाना सापडेना
म्हणून डावीकडच्या सीटपुढची मॅट उचलली.
तिला भोक. चवड्याएवढं.
माझ्या बाजूच्या मॅटला आहे तसंच,
फक्त त्याच्या वर पेडल नाही.
आसूद, केळशी फाटा,
मुलीला पोचवायला जायचो तेव्हा कशेडी,
सगळी वळणं ही बाई रिकाम्या पत्र्यावर
ब्रेक मारत आली
आणि मला वाटायचं, पेंगतेय.

मॅट होती तशी ठेवली. पाना खिशातच होता.

"थांबा," मी काही सांगायच्या आधी ती आतून म्हणाली,
"आता खाली जात नाही. दगड झालाय."
बघू, म्हणून मी दार उघडलं.
ती उठली नाही.
"तुम्ही मागे जाऊन बघा, दिवे लागतात का."

मागे गेलो. तिन्हीसांज झालेली,
खालून बंदरावरच्या लिलावाचा गलका,
ओट्यावर सरंगे तसेच, मांजर टपलेलं,
माझे हात ऑइलने बुळबुळीत, त्याला हाकलायला दगड उचलेना.
जांभ्याच्या गडग्यावर लाल उजेड पडला.
गेला.
पडला.

"लागतात," मी म्हणालो.
ती दाबतच होती.